मातीचे हात, मातीचे पाय

ग्रीक शिल्प म्हटलें कीं संगमरवरी, निर्दोष शरीरें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. त्याच ग्रीसमध्यें, कॉरिंथ नगरींत, कुंभारांनीं आजारी माणसांसाठीं शरीराचे तुकडे घडविले. तेथील वैद्यदेव अस्क्लीपिअस याच्या देवस्थानाचें उत्खनन अमेरिकन संशोधकांनीं इ. स. १९२९ ते १९३४ या काळांत केलें, आणि भरावांतून भाजलेल्या मातीचे हात, पाय, कान, स्तन निघाले. पुष्कळसे जिवंत माणसाच्या मापाचे. इ. स. पूर्वी पांचव्या व चौथ्या शतकांत रोग्यांनीं ते देवास वाहिले होते. आंतून पोकळ, म्हणजे भट्टींत तडकूं नयेत. कित्येकांना टांगण्यासाठीं भोंक पाडलेलें. पुरुषांच्या अवयवांस तांबडा रंग, स्त्रियांच्या अवयवांस पांढरा.

नवल असें कीं, या अवयवांवर रोगाचें चिन्ह बहुधा दिसत नाहीं. पाय लंगडा नाहीं, हात सुजलेला नाहीं. बरें झाल्यावर फेडलेला हा नवस, कीं बरें होण्यापूर्वीं घातलेलें साकडें? विद्वान दोन्ही म्हणतात. मला दुसरें पटतें. माणूस देवापुढें दुखरा पाय मांडीत नाहीं, हवा असलेला पाय मांडतो.

याचें कारण घरचेंच आहे. लहानपणीं माझें मनगट मोडलें, तेव्हां आईनें वांद्र्याच्या मोतमाउलीस मेणाचा हात वाहिला. आम्ही हिंदू, पण जत्रेंत तें कोण विचारतो! तो मेणाचा हात अगदीं सरळ होता. माझा वांकडाच राहिला, आणि पावसाळ्यांत अजून ठणकतो.