सीमेपलीकडचा दात



डिसेंबर आला की पुण्या-मुंबईच्या दवाखान्यांत एक ठरलेलं दृश्य दिसतं. अमेरिकेहून लग्नाला आलेली मावशी मेंदी काढायच्या आधी डेंटिस्टची अपॉइंटमेंट घेते. विचारलं तर म्हणते, "तिकडे परवडत नाही रे, इथेच ब्रिज बसवून जाते." आपण हसतो. पण एवढ्या श्रीमंत देशात राहणाऱ्या माणसाला एक दात परवडू नये, हे विचित्र नाही का? आजची गोष्ट त्याचीच.

आधी ब्रिज म्हणजे काय ते बघू. मधला दात गेला की दोन्ही बाजूंचे दात घासून लहान करतात, त्यांवर कॅप चढवतात आणि त्या कॅपना जोडलेला खोटा दात मधे बसतो. दोन खांब आणि मधे पूल, म्हणून ब्रिज.

ही कल्पना नवी नाही बरं का. रोमन साम्राज्याच्या आधी इटलीत इट्रुस्कन लोक राहायचे. त्यांच्या थडग्यांत साधारण अडीच हजार वर्षांपूर्वीचे ब्रिज सापडलेत. शेजारच्या दातांभोवती सोन्याची पट्टी गुंडाळायची आणि मधे दुसरा दात अडकवायचा. हे घालणाऱ्या बहुतेक श्रीमंत घरच्या बायका होत्या. म्हणजे दात ही तेव्हाही ऐपतीचीच गोष्ट होती.

आता थेट १८४० सालात येऊ. अमेरिकेत बाल्टिमोरला जगातलं पहिलं डेंटल कॉलेज निघालं. त्याच शहरात डॉक्टरकीचं कॉलेज होतं, पण दातांचं शिक्षण त्यापासून वेगळं राहिलं. शरीराचे डॉक्टर एकीकडे, दातांचे दुसरीकडे. पुढे सरकारं आजारपणाचा खर्च उचलायला लागली, तेव्हा या फाळणीची किंमत लोकांना मोजावी लागली.

ब्रिटनचंच बघा. ५ जुलै १९४८ ला तिथे सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. डॉक्टर फुकट, चष्मा फुकट, कवळीसुद्धा फुकट! वर्षानुवर्षं दातदुखी सोसत बसलेले लोक दवाखान्यांवर तुटून पडले आणि खर्चाचे सगळे अंदाज कोसळले. त्यात कोरियाचं युद्ध आलं, शस्त्रांसाठी पैसा हवा होता. मग १९५१ च्या बजेटमध्ये अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी कवळी आणि चष्म्याचा निम्मा खर्च लोकांवर टाकला. ही सेवा ज्यांनी उभी केली ते अन्यूरिन बेव्हन यांनी त्यावरून मंत्रिपद सोडलं. होय, कवळीवरून राजीनामा! बेव्हन यांच्यासाठी प्रश्न तत्त्वाचा होता. एकदा दाताला पैसे लावले की 'सगळ्यांना फुकट' हा शब्द मोडला. आजही इंग्लंडमध्ये बहुतेक मोठ्या माणसांना दातांच्या उपचारासाठी पैसे भरावे लागतात.

अमेरिकेत तर दात आधीच बाहेर ठेवला गेला. ३० जुलै १९६५ ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. पासष्टीपुढच्या लोकांना हॉस्पिटलचा आधार मिळाला. पण दात भरणं, काढणं, नवा बसवणं हे त्या कायद्यातून वगळलेलं होतं. आपल्याकडे म्हणतात ना, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. इथे म्हातारपणी दोन्हींची पंचाईत.

मग लोकांनी काय केलं? सीमा ओलांडली. ॲरिझोनातल्या युमा शहराजवळ, सीमेला खेटून मेक्सिकोचं लॉस अल्गोडोनेस हे छोटं गाव आहे. तिथे गल्लोगल्ली डेंटिस्ट आहेत, म्हणून अमेरिकन लोक त्याला 'मोलर सिटी' म्हणतात, म्हणजे दाढांचं शहर. हिवाळ्यात पेन्शनर मंडळी गाडी अलीकडे लावतात आणि चालत पलीकडे जातात. युरोपात हंगेरीचं तसंच. मे १९८९ मध्ये हंगेरीने ऑस्ट्रियाच्या सीमेवरचं तारेचं कुंपण काढायला घेतलं. पुढे शोप्रोन, मोशोनमाग्यारोवार अशा सीमेवरच्या गावांत व्हिएन्नाचे लोक दातांसाठी येऊ लागले. २००४ मध्ये हंगेरी युरोपियन युनियनमध्ये गेला, स्वस्त विमानं आली, आणि ब्रिटन-आयर्लंडचे पेशंटही बुडापेस्टला उतरू लागले.

यात फसवणूकच असते असं समजू नका. तिथले डॉक्टर शिकलेले असतात. भाडं, पगार, लॅबचा खर्च कमी, म्हणून बिल कमी. पण ब्रिजची एक अडचण आहे. घासलेला दात परत वाढत नाही. वर्षाभराने खाली कीड लागली किंवा ब्रिज हलला, तर बसवणारा डॉक्टर हजारो मैल लांब असतो. म्हणून मावशीला सांगा, सुट्टीचे शेवटचे दोन दिवस यासाठी ठेवू नकोस. माप घेणं, लॅबमधून ब्रिज येणं, चावून बघणं, पुन्हा घासणं, सगळ्याला वेळ लागतो. आणि एक्स-रे, कोणतं मटेरियल वापरलं त्याची नोंद, बिल, सगळं सोबत ने.

आणि मावशीला हसण्याआधी स्वतःची मेडिक्लेम पॉलिसी उघडून बघा. 'डेंटल' हा शब्द शोधा. बहुतेक पॉलिसींत तो काय मिळणार नाही त्या यादीत सापडेल. अपघातात दात गेला तर गोष्ट वेगळी, नाहीतर खिशातून भरा. बेव्हन ज्यावरून भांडले तो प्रश्न तुमच्या मोबाइलमधल्या त्या पीडीएफमध्ये आहे: दात शरीराचा भाग आहे की नाही?

तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत रात्री ब्रश करूनच झोपा!