मूठभर धान्याचा हिशोब

दिवाळीत गावी मैंदर्गीला जाऊन आलो. अक्कलकोटच्या पुढे, दुधनीच्या रस्त्यावर आमचं गाव. कर्नाटक इतकं जवळ की पारावरच्या निम्म्या गप्पा कन्नडमध्ये चालतात.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पुण्यातल्या आठ-दहा मित्रांनी वर्गणी काढून तिथे शेतमजुरांच्या मुलांसाठी एक अभ्यासिका बांधली. पैसे एका वीकेंडला जमले. नारळ फुटला, फोटो काढले, सगळं झालं. या वेळी बघतो तर दाराला कुलूप! शिकवणाऱ्या ताईंचं मानधन पाच महिने थकलं होतं. शेवटी त्यांनी येणं बंद केलं. चूक त्यांची नाही, आमचीच. खोलीसाठी सगळ्यांनी पैसे दिले, दर महिन्याच्या खर्चाचा विचार मात्र कोणीच केला नाही.

परतीच्या एसटीत एकच नाव डोक्यात घोळत होतं, कर्मवीर भाऊराव पाटील. शाळेत त्यांच्यावर निबंध लिहिला होता, पण त्यांनी पैशाचं गणित कसं जमवलं हे कधी डोक्यात शिरलंच नव्हतं.

भाऊराव काही श्रीमंत नव्हते. किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव फिरले होते. म्हणजे आपल्या भाषेत सेल्सचा माणूस! १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला नेली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव देण्यात आलं.

नाव मिळालं, पण रोजच्या भाकरीचं काय? एकदा वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा विकायला काढलं. ही गोष्ट ऐकून आपण हळवे होतो आणि तिथेच थांबतो. पण मंगळसूत्र एकदाच विकता येतं. त्याच्या भरवशावर संस्था चालत नाही, हे त्या दोघांनाही कळत असणारच.

म्हणून मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो मुष्टिफंड. घरातल्या बाईने दळणाच्या वेळी एक मूठ धान्य बाजूला काढायचं आणि ते गोळा करून वसतिगृहाला द्यायचं. एक मूठ कोणालाच जड नाही. शिवाय जिची मूठ त्या डब्यात पडते, तिला ती शाळा आपली वाटते. मोठा देणगीदार रुसला तर सगळंच थांबतं, दहा घरं गळाली तरी नव्वद उरतात.

दुसरी गोष्ट शिक्षकांची. खेड्यात टिकेल असा शिक्षक आणायचा कुठून? भाऊरावांनी १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारं कॉलेजच काढलं. खेड्यातलीच पोरं शिकून खेड्यात शिकवू लागली. तिसरी गोष्ट कमवा आणि शिका. १९४० मध्ये सुरू झालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कूलमधली मुलं शेतात राबून आपला खर्च भागवायची. फुकट घेतल्याची लाज नाही आणि संस्थेवरचा भारही हलका.

या सगळ्याची परीक्षा १९४८ मध्ये झाली. मुंबई सरकारने रयतचं अनुदान बंद केलं. पुढे ते पुन्हा सुरू झालं खरं, पण मधल्या काळात संस्था मोडली नाही. १९५९ मध्ये भाऊराव गेले. रयत आजही आहे.

आता कोणी म्हणेल, आज जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, दुपारचं जेवण आहे, २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा आहे, मग आपल्या वर्गणीची गरज काय? माझ्या मते सरकारचं काम आपण करायचं नाहीच. पण संध्याकाळी घरी पुस्तक समजावून सांगणारं कोणी नसतं, त्या दोन तासांची गरज आजही आहे.

आम्ही आता ठरवलंय, प्रत्येकाच्या खात्यातून दर महिन्याला ठरलेली छोटी रक्कम आपोआप जाणार. गावातल्या पालकांनीही जमेल तेवढं द्यायचं, दहा रुपये का असेनात. सगळ्यात आधी ताईंची थकबाकी चुकवली आणि फोन करून परत याल का म्हणून विचारलं.

ताई म्हणाल्या, "आधी सहा महिने नियमित देऊन दाखवा, मग बघू."

बरोबरच आहे त्यांचं. पहिला महिना या पाच तारखेला गेला. अजून पाच बाकी आहेत.