विंचचा दोर आणि पुष्पकची टाकी

१९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक गेले होते. तिथे या मंडळींनी कबड्डी आणि इतर देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेचा तो पराक्रम वऱ्हाडात आजही अभिमानाने सांगितला जातो. त्याच ऑलिम्पिकमध्ये पदकाविना, केवळ प्रात्यक्षिक म्हणून आणखी एक खेळ झाला. तो होता ग्लायडिंग, म्हणजे इंजिनाशिवायचे उड्डाण. दोन्ही खेळांना पैसा कमी आणि माणसे जास्त लागत.

ग्लायडिंग वाढले तेच मुळी अडचणीतून. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या इंजिनाच्या विमानांवर कडक बंधने आणली. मग १९२० पासून वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर तरुण जमू लागले. लाकूड आणि कापड जोडून ते स्वतःच ग्लायडर बांधत. मित्रांनी रबराचा दोर ताणायचा आणि उतारावरून यंत्र हवेत सोडायचे, एवढाच खटाटोप. पेट्रोलचा थेंबही लागत नसे. पुढे नाझी राजवटीने हेच स्वस्त शिक्षण हवाई दलाचे वैमानिक घडवायला वापरले, हेही सांगितलेच पाहिजे. १९४० च्या ऑलिम्पिकसाठी ग्लायडिंगला मान्यता मिळाली होती. सर्व देशांनी एकाच नमुन्याच्या ग्लायडरवर उडावे म्हणून ‘माइझे’ नावाचा नमुनाही निवडला गेला. पण महायुद्ध पेटले आणि ते ऑलिम्पिक झालेच नाही.

स्वस्त आणि महाग उड्डाणाचा हा सामना त्याहून जुना आहे. अमेरिकेच्या युद्धखात्याने सॅम्युअल लँग्ली यांना विमानासाठी ५०,००० डॉलर दिले. ८ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे यंत्र पोटोमॅक नदीत कोसळले. त्यानंतर नवव्या दिवशी राइट बंधू उडाले. त्यांचा सगळा खर्च हजार डॉलरच्या आत होता. त्यांनी आधी ग्लायडरवर शेकडो उड्डाणे करून विमान हातात कसे ठेवायचे हे पक्के केले आणि मगच इंजिन बसवले. महागडी चूक करण्याआधी स्वस्तातल्या चुका करून घेण्याची ही रीत होती.

भारतात विमानोड्डाण आले ते श्रीमंतांच्या अंगणात. मुंबईच्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकून जे. आर. डी. टाटांनी १९२९ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला वैमानिक परवाना मिळवला. वऱ्हाडातल्या कापूसवाल्यांकडेही पैसा होता, पण उडायला शिकायचे तर दूरचे शहर गाठावे लागे.

स्वातंत्र्यानंतर सरकारने दोन्ही वाटा रुंद करायचे ठरवले. हिंदुस्थान एअरक्राफ्टने ‘पुष्पक’ हे दोन आसनी विमान बनवले. ते १९५८ मध्ये प्रथम उडाले आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत पोहोचले. दुसरीकडे १९५० च्या सुमारास नागरी विमान वाहतूक खात्याने पुण्याजवळ हडपसरला ग्लायडिंग केंद्र उघडले. याच खात्याच्या तांत्रिक विभागाने देशी ग्लायडर घडवले आणि त्यांना नक्षत्रांच्या क्रमाने नावे दिली: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर्ष, आर्द्रा. रोहिणीच्या सरी आणि मृगाची पेरणी यांवर ज्याचे वर्ष ठरते, त्या वऱ्हाडी शेतकऱ्याला ही यादी तोंडपाठ असते. रोहिणीत शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी शेजारी बसत. ती उडायला लागली १९६१ मध्ये.

आता खर्चाचा हिशेब. पुष्पकला ९० अश्वशक्तीचे इंजिन. तासाभराच्या उड्डाणाला साधारण २० लिटर पेट्रोल लागते. शिवाय इंजिन ठराविक तासांनी पूर्ण उघडून दुरुस्त करावे लागते. आजच्या प्रशिक्षण विमानांत बहुतेकदा दिसणाऱ्या लायकमिंग इंजिनासाठी ही मर्यादा साधारण २,००० तासांची. म्हणून प्रत्येक तासामागे त्या दुरुस्तीचे पैसे बाजूला टाकावेच लागतात.

ग्लायडरचे तंत्र वेगळे. मैदानाच्या एका टोकाला विंच, म्हणजे मोटारीच्या इंजिनावर फिरणारा मोठा रहाट. त्याच्यापासून सुमारे किलोमीटरभर लांब पोलादी दोर पसरलेला. दुसऱ्या टोकाला एक जण ग्लायडरचा पंख हाताने समतोल धरून उभा असतो. खूण होते, दोर ताणतो, काही पावले तो पंखासोबत धावतो आणि ग्लायडर नाक वर करून चढू लागते. तीनेकशे मीटरवर वैमानिक दोर सोडतो. दोर छोट्या पॅराशूटला लटकत खाली येतो आणि जीप तो ओढून परत जागेवर आणते. एवढ्याला एखादा लिटर इंधन पुरते. म्हणजे पुष्पकच्या एका तासाच्या पेट्रोलमध्ये ग्लायडरची २० उड्डाणे होतात. हवा स्थिर असेल तर प्रत्येक उड्डाण पाच-सहा मिनिटांचे. तापलेल्या जमिनीवरून वर उठणारा हवेचा झोत सापडला, तर तेच उड्डाण तासन् तास चालते आणि जादा खर्च शून्य.

मग ग्लायडिंग मागे का पडले? कारण वाचलेले पैसे वेळेच्या रूपात मोजावे लागतात. विंचवाला, पंख धरणारा, दोर आणणारा, शिक्षक अशी पाच-सहा माणसे दिवसभर उन्हात उभी राहिली, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटांची हवा येते. त्यातून नोकरी मिळत नाही. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते. आज त्याचा खर्च ४० ते ६० लाखांच्या घरात जातो, तरी घरे गहाण टाकून मुले तिकडेच वळतात, कारण पुढे पगार दिसतो. एनसीसीनेही ग्लायडर बाजूला ठेवून छोट्या इंजिनाची मायक्रोलाइट विमाने घेतली. तिसरे कारण जमिनीचे. हडपसरच्या केंद्राला पुणे शहराने वेढले. इंधन वाचवणाऱ्या या खेळाला जी एक गोष्ट मुबलक लागते, तीच तिथे सर्वांत महाग झाली.

आणि इथेच वऱ्हाडाची आठवण व्हायला हवी. एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दुपारी काळ्या रानावर घारी पंख न हलवता वर वर चढताना दिसतात. ग्लायडरच्या वैमानिकाला हवा असलेला झोत तो हाच. अकोल्याजवळ शिवणीची धावपट्टी १९४३ पासून आहे. ती सुमारे १,४०० मीटरची. प्रवासी विमानांसाठी ती वाढवायची तर शेजारची डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन लागते, आणि तो प्रश्न कित्येक वर्षे रेंगाळला. पण विंचच्या किलोमीटरभर दोराला ती आहे तशी पुरते.

अमरावतीच्या बेलोऱ्याने दुसरी वाट धरली. १६ एप्रिल २०२५ रोजी तिथून मुंबईची नियमित विमानसेवा सुरू झाली. तिथेच एअर इंडियाने वर्षाला १८० वैमानिक घडवणारी अकादमी उभारायचे ठरवले आणि ३४ प्रशिक्षण विमाने मागवली. त्यांतली ३१ एक इंजिनाची पायपर आणि ३ दोन इंजिनांची डायमंड. या विमानांची इंजिने जेट ए-१ वर, म्हणजे प्रवासी विमानांच्याच इंधनावर चालतात. छोट्या विमानांचे खास पेट्रोल भारतात बरीच वर्षे परदेशातून आणावे लागे. इंडियन ऑइलने ते देशात बनवून बाजारात आणले २०२२ मध्ये. जेट ए-१ मात्र मोठ्या विमानांमुळे सगळीकडे सहज मिळते. तासाचा खर्च उतरवण्याची धडपड इंजिनवाल्यांनाही चुकलेली नाही. बेलोऱ्याच्या १,८५० मीटरच्या धावपट्टीवर ती आता पायपरच्या टाकीपासून सुरू होते. शिवणीला तिची सुरुवात एका विंचपासून आणि दोन आसनी ग्लायडरच्या जोडीपासून करता येईल.