अधूनमधून अडखळणारे इंजिन : जुन्या गाडीतील ‘मिसफायर’चे निदान

भुसावळकडून महामार्गाने येणाऱ्यास विदर्भातील पहिले मोठे शहर लागते ते मलकापूर. वापरलेल्या मोटारीची खरी परीक्षा घेणारे दोन रस्ते येथून निघतात. नांदुरा-खामगावकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्रमांक ६, आताचा ५३) सपाट व सलग वेगाचा आहे. मोताळ्यावरून बुलढाण्याला जाणारा रस्ता शेवटी राजूर घाटाने चढतो. गावात सुरळीत चालणारी जुनी पेट्रोल गाडी घाटात तिसऱ्या गिअरवर झटके घेऊ लागते किंवा महामार्गावर ट्रक ओलांडताना ऐनवेळी तिची ताकद जाते. मात्र गॅरेजच्या दारात उभी केली की तिच्यात काहीच दोष आढळत नाही. यालाच अधूनमधून होणारा मिसफायर म्हणतात. बोलीभाषेत ‘गाडी मिसिंग करते’ असेही म्हटले जाते.

अशा दोषावर अंदाजाने सुटे भाग बदलत जाणे हा सर्वांत खर्चिक उपाय होय. दोष कोणत्या परिस्थितीत येतो हे आधी निश्चित करावे आणि नंतरच पाना हाती घ्यावा, हे निदानाचे मुख्य सूत्र आहे.

मिसफायर म्हणजे काय?

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा ज्वलन होते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा ठिणगी पडून मिश्रण पेटावे लागते. यातील काही ज्वलने चुकली की झटका जाणवतो. ज्वलनासाठी योग्य वेळी पुरेशी ठिणगी, हवा व पेट्रोलचे योग्य प्रमाण आणि पुरेसा दाब (कॉम्प्रेशन) या तीन गोष्टी लागतात. मिसफायरचे कोणतेही कारण अखेर या तिन्हींपैकी एकात मोडते.

दोषाकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते व तो महागडा भाग वितळू शकतो. अनेक गाड्यांत ‘चेक इंजिन’ दिवा लुकलुकू लागतो तो याच धोक्याची सूचना म्हणून. अशा वेळी अॅक्सिलरेटर सोडून गाडी सावकाश बाजूला घ्यावी.

परिस्थितीची नोंद

गाडीत एक वही ठेवून झटका आला की वेळ, वेग, गिअर, इंजिनचे तापमान, एसी चालू की बंद, पाऊस आणि टाकीतील पेट्रोल यांची नोंद करावी. आठ-दहा नोंदींतून बहुधा एक आकृती दिसू लागते.

चढावर किंवा जोर लावताना दोष येत असेल, तर पहिला संशय ठिणगीवर घ्यावा. भार वाढला की सिलिंडरमधील दाब वाढतो व प्लगच्या फटीतून ठिणगी जाण्यास अधिक व्होल्टेज लागते. झिजलेला प्लग किंवा कमकुवत कॉइल तेथे हार मानते. सीएनजी बसविलेल्या गाडीत हे लवकर जाणवते, कारण हा वायू पेटविण्यास पेट्रोलपेक्षा अधिक व्होल्टेज लागते.

इंजिन तापल्यावरच दोष येत असेल, तर कॉइल व सेन्सर तपासावेत. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पलीकडे गेल्यावर बॉनेटखालची उष्णता कॉइलच्या आतील सूक्ष्म भेगा उघड करते. गार झाल्यावर तीच कॉइल पुन्हा निर्दोष वाटते. झटका न बसता इंजिन एकदम बंद पडत असेल व थोड्या वेळाने सुरू होत असेल, तर क्रँकशाफ्ट सेन्सर पाहावा.

गार इंजिन थरथरत असेल व तापल्यावर ठीक होत असेल, तर इनटेक मॅनिफोल्डमधून शिरणारी जादा हवा, चिकटलेले इंजेक्टर किंवा सिलिंडरमध्ये झिरपणारे कूलंट ही कारणे संभवतात. रेडिएटरचे पाणी विनाकारण कमी होत असेल, तर शेवटची शक्यता आधी तपासावी.

पावसात किंवा गाडी धुतल्यावर दोष येत असेल, तर प्लगच्या वायरी व कॉइलची रबरी टोपणे पाहावीत. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून लांबूनच बारीक पाण्याचा फवारा मारल्यास गळणारी निळी ठिणगी दिसते. त्या वेळी वायरींना हात लावू नये.

सर्वच सिलिंडर भारावर एकत्र अडखळत असतील, तर पेट्रोलचा दाब मोजावा. तुंबलेला फिल्टर किंवा थकलेला पंप सपाटीवर कसेबसे निभावतो, पण घाटात कमी पडतो. आता बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी शोषून घेते. त्यामुळे अनेक महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीतील इंधन संशयास्पद समजावे.

निदानाचा क्रम

प्रथम स्कॅनर लावावा. पी०३०० हा कोड अनेक सिलिंडरांतील मिसफायर सांगतो. पी०३०१ ते पी०३०४ हे कोड अनुक्रमे पहिला ते चौथा सिलिंडर दाखवितात. कोड केवळ ठिकाण सांगतो, कारण सांगत नाही, हे विसरू नये.

दुसरी पायरी अदलाबदलीची. समजा पी०३०२ आला. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर बसवून, कोड पुसून, ज्या परिस्थितीत दोष येतो त्याच परिस्थितीत गाडी चालवावी. कोड पी०३०३ झाला, तर कॉइल दोषी. पी०३०२ च राहिला, तर याच रीतीने प्लग व नंतर इंजेक्टर बदलून पाहावेत. एका वेळी एकच बदल करावा, अन्यथा निष्कर्ष निघत नाही. काही गाड्यांत एकच कॉइल पहिल्या व चौथ्या, तर दुसरी कॉइल दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरला ठिणगी देते. तेथे जोडी मिळून अडखळत असेल, तर रोख कॉइलकडे जातो.

चालू इंजिनच्या प्लगची वायर उपटून पाहण्याची जुनी पद्धत टाळावी. तिने जबर विजेचा धक्का बसू शकतो, शिवाय इग्निशन मॉड्यूल व कन्व्हर्टर यांना अपाय होतो. त्याऐवजी इंजेक्टरचा सॉकेट एकेक करून काढावा. ज्याचा सॉकेट काढूनही इंजिनच्या चालीत फरक पडत नाही, तोच सिलिंडर मृत आहे.

तिसरी पायरी वायरिंगची. उंदरांनी कुरतडलेल्या तारा, सैल सॉकेट आणि गंजलेले अर्थिंग हे अधूनमधून येणाऱ्या दोषाचे नेहमीचे गुन्हेगार आहेत. इंजिन चालू असताना वायरिंग हलक्या हाताने हलवून पाहावे. पंखा व पट्ट्यांपासून मात्र हात दूर ठेवावा.

एवढ्यावरही कारण न सापडल्यास कॉम्प्रेशन मोजावे. एका सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा बराच कमी असेल, तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा हेड गॅस्केटचा प्रश्न असतो. दीर्घकाळ गॅसवर चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हचा गॅप कमी झालेला असू शकतो. तो वेळीच जुळविला तर मोठी दुरुस्ती टळते.

खरेदीपूर्वीची दक्षता

जुनी गाडी पाहण्यास जाताना इंजिन गार ठेवण्यास आधीच सांगावे व पहिला स्टार्टर स्वतः मारावा. त्यानंतर एसी लावून किमान अर्धा तास, शक्य असल्यास घाटातून गाडी चालवावी. पीयूसी चाचणीत हायड्रोकार्बनचा आकडा मर्यादेपेक्षा अधिक आल्यास पेट्रोल न जळता बाहेर पडत असल्याची शक्यता असते.

स्कॅनरवर कोड नाही, एवढ्याने निश्चिंत होऊ नये. सौद्यापूर्वी कोड पुसता येतात. मात्र कोड पुसल्यावर गाडीच्या संगणकाच्या स्वयंतपासण्याही नव्याने सुरू होतात व पूर्ण होण्यास बरेच अंतर चालावे लागते. अनेक गाड्यांत स्कॅनरचा ‘रेडीनेस’ विभाग या तपासण्या अपूर्ण असल्याचे दाखवितो. तसे दिसल्यास सौदा थांबवावा, काही दिवस गाडी चालू द्यावी व पुन्हा तपासावी.

प्लग किंवा कॉइलचा दोष ही खरेदी नाकारण्याची बाब नव्हे. त्यावर किमतीची घासाघीस होऊ शकते. कॉम्प्रेशन गेलेले इंजिन मात्र किमतीचे गणितच बदलते. या दोहोंतील फरक सौद्यापूर्वी कळणे, हाच निदानाचा खरा लाभ आहे.