रुजू होण्याची तारीख : पोलीस व अग्निशामकांच्या निवृत्तिवेतनातील श्रेणीभेदाचा इतिहास

निवृत्तिवेतनाचा इतिहास प्रामुख्याने अर्थशास्त्राच्या आणि प्रशासनशास्त्राच्या अभ्यासकांनी लिहिला आहे. तथापि हा इतिहास जितका आकड्यांचा आहे, तितकाच तो शब्दांचाही आहे. 'बक्षीस', 'कृपा', 'हक्क', 'करार' हे शब्द एकामागून एक कसे आले, प्रत्येक शब्दाने कोणाला आत घेतले आणि कोणाला बाहेर ठेवले, हे पाहिल्याखेरीज आकड्यांचा अर्थ लागत नाही. पोलीस आणि अग्निशामक या दोन सेवांच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. या सेवांत समाज माणसाकडून केवळ श्रम घेत नाही. प्रसंगी प्राणही मागतो. त्या मागणीच्या बदल्यात दिलेले वचन नोकरीत प्रवेश करण्याच्या तारखेप्रमाणे बदलत गेले. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात या बदलाला 'टिअर', म्हणजे श्रेणी किंवा पायरी, असे नाव मिळाले. भारतात त्याला स्वतंत्र नाव मिळाले नाही. 'जुनी' आणि 'नवी' या दोन विशेषणांवरच काम भागले.

मराठी मुलखाला या विषयाची जाण नवी नाही. लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांच्या निर्वाहासाठी मराठा राज्यात 'बालपरवेशी' देण्याची रीत होती. तिच्यामागे धन्याची कृतज्ञता होती. मात्र मागणाऱ्याचा हक्क नव्हता. 1818 मध्ये दुसऱ्या बाजीरावाला सालीना आठ लाख रुपयांची नेमणूक देण्यात आली आणि 1851 मध्ये त्याच्या निधनानंतर ती दत्तकपुत्र नानासाहेबाला नाकारण्यात आली. देणाऱ्याच्या लेखी ती व्यक्तीपुरती मेहेरबानी होती, घेणाऱ्याच्या लेखी राज्याचा मोबदला. एकाच रकमेचे हे दोन अर्थ पुढील दीड शतकाच्या वादाचे बीज म्हणता येतील. 1871 च्या पेन्शन कायद्याने मेहेरबानीच्या बाजूने कौल दिला. निवृत्तिवेतनाचे दावे दिवाणी न्यायालयांनी सरकारी अनुमतीवाचून ऐकू नयेत, अशी तजवीज त्यात होती.

अमेरिकेतही आरंभ असाच झाला. न्यूयॉर्क शहरात 1857 मध्ये पोलिसांसाठी जो निधी उभा राहिला, तो त्या देशातील नागरी निवृत्तिवेतनाचा पहिला प्रयत्न मानला जातो. कर्तव्य बजावताना जायबंदी झालेल्या शिपायाला मदत, हे त्याचे मूळ रूप होते. परंतु ही मदत मागता येते की केवळ स्वीकारता येते, हा प्रश्न अनिर्णित होता. 1889 मध्ये 'पेनी विरुद्ध रीस' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचे उत्तर दिले. सॅन फ्रान्सिस्कोतील पोलिसांच्या वेतनातून दरमहा दोन डॉलर कापून एका निधीत जमा होत आणि शिपायाच्या मृत्यूनंतर वारसांना एक हजार डॉलर मिळत. त्या वर्षी विधिमंडळाने हा निधी मोडून नवी व्यवस्था आणली आणि अवघ्या काही दिवसांत एक पोलीस अधिकारी मरण पावला. वारसांचा दावा फेटाळताना न्यायालयाने म्हटले की, ते दोन डॉलर कधीच शिपायाच्या हाती आलेले नव्हते, म्हणून ते त्याचे नव्हते. त्याला होती ती केवळ अपेक्षा, आणि अपेक्षा कायद्याने मोडता येते. वर्षानुवर्षांची कपात आणि काही दिवसांचे अंतर यांत अंतराचे पारडे जड ठरले. तारखेची रेषा इतिहासात प्रथम स्पष्ट दिसते ती अशी.

या अनिश्चिततेला न्यूयॉर्क राज्याने दिलेले उत्तर असाधारण होते. 1938 मध्ये मतदारांनी संमत केलेल्या राज्यघटनेतील दुरुस्तीने असे ठरविले की, सार्वजनिक निवृत्तिवेतन व्यवस्थेचे सभासदत्व हा करार आहे आणि त्यातून मिळणारे लाभ घटविता येणार नाहीत. ही तरतूद 1 जुलै 1940 पासून अंमलात आली. 'अपेक्षा' या शब्दाची जागा 'करार' या शब्दाने घेतली. परंतु करार कोणत्या क्षणी होतो? सभासद होण्याच्या क्षणी. म्हणजेच जो आज सभासद आहे त्याचे लाभ अभेद्य झाले. जो उद्या होणार आहे, त्याच्याशी अद्याप कोणताही करार नाही. श्रेणीव्यवस्थेचे मूळ संकटाच्या काळातील कपातीत शोधण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ते या संरक्षणातच आहे. राज्याला खर्च कमी करावयाचा झाला, की एकच वाट मोकळी राहते: जे अजून आलेले नाहीत त्यांना वेगळ्या अटींवर घेणे.

1970 च्या दशकात ही वाट प्रथम चोखाळली गेली. पोलीस व अग्निशामक यांची राज्यस्तरीय निवृत्तिवेतन व्यवस्था 1967 मध्ये इतर कर्मचाऱ्यांच्या व्यवस्थेपासून अलग झाली होती. 31 जुलै 1973 पूर्वी सभासद झालेले पहिल्या श्रेणीत राहिले. त्या दिवसापासून येणारे दुसऱ्या श्रेणीत गेले. इतर कर्मचाऱ्यांसाठी 1976 मध्ये तिसरी आणि 1983 मध्ये चौथी श्रेणी निर्माण झाली. पोलीस व अग्निशामक मात्र दुसऱ्याच श्रेणीत राहिले, कारण त्यांच्यासाठी ती ठरावीक काळाने कायदा करून वाढविली जात होती. 2009 मध्ये गव्हर्नर डेव्हिड पॅटर्सन यांनी ही मुदतवाढ नाकारली. परिणामी 1 जुलै 2009 नंतर रुजू झालेले आपोआप तिसऱ्या श्रेणीत जाऊन पडले. राज्यस्तरीय व्यवस्थेत 9 जानेवारी 2010 पासून पाचवी आणि 1 एप्रिल 2012 पासून सहावी श्रेणी आली. या दलांच्या क्रमात चौथी श्रेणी नाहीच. गाळलेला हा आकडा म्हणजे जणू हस्तलिखितातील हरवलेले पान. मजकूर पुढे जातो, पण सांधा दिसतो.

श्रेणीभेदाचे मर्म या तारखांपेक्षा व्याख्यांत आहे. वीस वर्षांच्या विशेष योजनेतील सभासदाला वीस वर्षांच्या सेवेनंतर अंतिम सरासरी वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळते. हे वाक्य पहिल्या श्रेणीत जसे आहे तसेच सहाव्या श्रेणीतही आहे. बदलला तो 'वेतन' या शब्दाचा अर्थ. आधीच्या श्रेणींत साधारणतः तीन वर्षांची सरासरी धरली जाई. सहाव्या श्रेणीने पाच वर्षांची धरली. वेतन चढते असते, म्हणून सरासरीचा कालखंड लांबला की रक्कम घटते. जादा कामाच्या मोबदल्यापैकी किती भाग हिशेबात धरावा, यावर पाचव्या व सहाव्या श्रेणीत मर्यादा आली. पहिल्या दोन श्रेणींतील सभासदांना बहुतांशी स्वतःचे अंशदान द्यावे लागत नसे. पाचव्या श्रेणीत सामान्यतः वेतनाच्या 3 टक्के आणि सहाव्या श्रेणीत वेतनमानानुसार 3 ते 6 टक्के अंशदान आले. संहिता तीच ठेवून परिभाषा बदलावयाची, हे तंत्र साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नसावे.

या भेदाची सर्वांत तीव्र कसोटी लागते ती अपंगत्वाच्या प्रसंगी. 11 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्क शहराच्या अग्निशामक दलातील 343 जण मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या काळात या दलाच्या त्यागाचा गौरव सार्वजनिक भाषेचा भाग झाला. तरीही 2009 नंतर शहराच्या दलांत आलेल्या शिपायाला वा अग्निशामकाला कर्तव्यावर कायमचे अपंगत्व आल्यास वेतनाच्या तीन-चतुर्थांश रकमेऐवजी निम्मीच रक्कम, आणि तीही सामाजिक सुरक्षेच्या लाभाचा अर्धा भाग वजा करून, मिळण्याची तरतूद लागू झाली. एकाच जिन्यावरून एकाच आगीत शिरलेल्या दोघांपैकी एक जण 2009 च्या जूनमध्ये रुजू झालेला आणि दुसरा त्यानंतरचा असेल, तर समान इजेची किंमत समान राहिली नाही. ही विसंगती अग्निशामकांपुरती 2016 मध्ये आणि पोलिसांपुरती 2017 मध्ये कायदा करून बव्हंशी दूर करण्यात आली. त्यासाठी नव्या सभासदांवर अधिक अंशदानाचा भार आला. राज्यस्तरीय व्यवस्थेतही कठोरता ओसरू लागली. निवृत्तिवेतनास पात्र होण्यासाठी पाचव्या व सहाव्या श्रेणीला लागणारी दहा वर्षांची सेवा 2022 मध्ये पाच वर्षांवर आली, आणि सहाव्या श्रेणीची सरासरी 2024 मध्ये पुन्हा तीन वर्षांवर आली.

इलिनॉय राज्याचा दाखला याच निष्कर्षाकडे नेतो. तेथील 1970 च्या राज्यघटनेत न्यूयॉर्कसारखेच संरक्षण आहे. 2013 मध्ये विद्यमान सभासदांचे लाभ घटविण्यासाठी केलेला कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये रद्द केला. याउलट 1 जानेवारी 2011 पासून येणाऱ्यांसाठी केलेली दुसरी श्रेणी टिकून राहिली. शिकागोबाहेरील नगरांच्या पोलीस व अग्निशामकांचे निवृत्तीचे वय पन्नासावरून पंचावन्नावर गेले. पहिल्या श्रेणीतील वार्षिक वाढ 3 टक्के चक्रवाढीने मिळते. दुसऱ्या श्रेणीत 3 टक्के किंवा महागाई निर्देशांकाच्या वाढीचा अर्धा भाग, यांपैकी जे कमी ते, तेही सरळ पद्धतीने. निवृत्त शिपायाच्या मागे राहिलेल्या जोडीदाराला पहिल्या श्रेणीत पूर्ण निवृत्तिवेतन मिळते, दुसऱ्या श्रेणीत सामान्यतः दोन-तृतीयांश. रेषा अशी घराच्या उंबऱ्याच्या आतही ओढली जाते.

भारतात शब्दांचा प्रवास याच दिशेने, पण वेगळ्या मार्गाने झाला. पेन्शन कायद्याला बरोबर शंभर वर्षे झाली असताना, 1971 मध्ये, 'देवकीनंदन प्रसाद विरुद्ध बिहार राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, असा निर्णय दिला. 17 डिसेंबर 1982 रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने 'नकारा' खटल्यात त्यापुढचे पाऊल टाकले. 31 मार्च 1979 या तारखेच्या आधी आणि नंतर निवृत्त झालेल्यांत केलेला भेद समतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरला. सेवेतून बाहेर पडण्याच्या तारखेवरून माणसांचे दोन वर्ग करू नयेत, असा त्याचा आशय होता.

सेवेत शिरण्याच्या तारखेची गोष्ट मात्र निराळी ठरली. 1 जानेवारी 2004 पासून केंद्रीय सेवेत येणाऱ्यांसाठी, सशस्त्र सेना वगळता, अंशदानावर आधारित नवी योजना लागू झाली. महाराष्ट्र शासनाने 1 नोव्हेंबर 2005 ही तारीख निश्चित केली आणि राज्याचे पोलीस दल तिच्या कक्षेत आले. मुंबई महानगरपालिकेत, म्हणजेच मुंबई अग्निशमन दलातही, 2008 पासून असाच बदल झाला. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीतील स्फोटात 66 अग्निशामकांनी प्राण गमावले आणि तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या मानवंदनेला उभ्या राहणाऱ्या रांगेतही आज जुने आणि नवे असे दोन वर्ग आहेत. न्यूयॉर्कमध्ये ठरलेल्या लाभाचा आकार कमी झाला. येथे ठरलेल्या लाभाचे तत्त्वच गेले आणि बाजाराच्या चढउताराची जोखीम शिपायाकडे आली. मार्च 2023 मध्ये महाराष्ट्रातील कर्मचाऱ्यांनी पुकारलेल्या संपात 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही यमकबद्ध घोषणा घुमली, ती या बदललेल्या वचनाविरुद्ध. त्याच महिन्यात केंद्राने ज्या पदांची जाहिरात 22 डिसेंबर 2003 पूर्वी निघाली होती, त्यांवर पुढे रुजू झालेल्यांना जुन्या योजनेचा विकल्प दिला. महाराष्ट्रानेही 2024 मध्ये तसेच केले. करार जाहिरातीने होतो की रुजू होण्याने, या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने बदलले. 1 एप्रिल 2025 पासून आलेल्या केंद्राच्या एकीकृत योजनेने पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी पुन्हा दिली. कर्मचाऱ्याचे अंशदान मात्र कायम राहिले.

दोन्ही देशांचा इतिहास एकत्र वाचला असता एक विपरीत सत्य हाती येते. निवृत्तिवेतन जोवर कृपा होते, तोवर ते कोणाचेही काढून घेता येत होते आणि त्या अर्थाने सारे समान होते. ते हक्क झाले आणि हक्काचे रक्षण करणाऱ्या रेषेनेच नवा भेद निर्माण केला. आलेल्यांचे वचन अभंग राहावे म्हणून न आलेल्यांचे वचन लहान झाले; आणि न आलेल्याला सभागृहात मत नसते, संघटनेत जागा नसते. अपंगत्वाचे नियम बदलले ते नंतरच्या श्रेणीतील माणसे दलात येऊन, जखमी होऊन, बोलू लागल्यावर. आग कोणाच्याही रुजू होण्याची तारीख विचारत नाही. ती विचारतो तो समाज. म्हणून त्या तारखेचा इतिहास हा समाजाने आपल्या रक्षणकर्त्यांना दिलेल्या वचनाचाच इतिहास ठरतो.