तापातून उठलेली मुले

पहिले महायुद्ध चालू असताना, १९१७ साली, व्हिएन्ना येथील मज्जाविकारतज्ज्ञ कॉन्स्टंटिन फॉन इकॉनोमो यांच्याकडे काही चमत्कारिक रोगी येऊ लागले. थोडा ताप आणि डोकेदुखी अशी साधी सुरुवात होई. मग रोगी दिवसचे दिवस झोपून राही. हाक मारली तर जागा होई, उत्तर देई आणि पुन्हा झोपी जाई. जे दगावले त्यांचे मेंदू तपासून इकॉनोमो यांनी मेंदूच्या खोल भागात दाह असल्याचे दाखवले आणि या रोगाला ‘एन्सेफलायटिस लेथार्जिका’ असे नाव दिले. आफ्रिकेत त्से त्से माशीमुळे होणारा निद्रारोग तो हा नव्हे. युरोप, अमेरिका असे खंड पार करून ही साथ लाखो लोकांपर्यंत पोहोचली आणि १९३० च्या सुमारास ओसरली.

या साथीची खरी गोष्ट मात्र ताप उतरल्यावर सुरू होते. वाचलेल्या अनेक प्रौढांना काही वर्षांनी कंपवातासारखा विकार जडला; हातपाय ताठरले, हालचाली मंदावल्या. मुलांमध्ये वेगळेच घडले. हालचालींपेक्षा त्यांचे वागणे बदलले. आजारापूर्वी शांत असलेली मुले रात्रभर जागू लागली आणि दिवसा वर्गात पेंगू लागली. एका जागी बसणे त्यांना अशक्य झाले. काही जण खोटे बोलत, चोऱ्या करत, लहान भावंडांना मारत. यांतील कित्येकांची बुद्धी फारशी उणावलेली नव्हती. आपण चुकलो हे त्यांना कळत असे, वाईटही वाटत असे, पण पुढच्या क्षणी हात आवरत नसे.

या मुलांचे करायचे काय, हा प्रश्न तेव्हाच्या समाजाला सुटेना. मुलाचे वाईट वागणे एक तर रक्तातून येते, नाही तर घरच्या वळणातून, अशी समजूत रूढ होती. इंग्लंडच्या १९१३ च्या कायद्यात तर ज्यांच्यावर शिक्षेचा परिणाम होत नाही अशा दुर्वर्तनी व्यक्तींचा एक स्वतंत्र वर्गच होता. मात्र मनोदुर्बलता जन्मापासून किंवा अगदी लहान वयापासून असली पाहिजे, अशी त्या कायद्याची अट होती. आठ-दहा वर्षे सरळ वागलेले आणि एका तापानंतर बदललेले मूल यात बसणार कोठे? शाळेत ते नकोसे, घरात आवरेनासे. अखेर १९२७ साली कायदा बदलण्यात आला. वयाच्या अठराव्या वर्षापूर्वी रोगाने किंवा इजेने आलेली दुर्बलताही त्यात धरली गेली. एका साथीने कायद्याला व्याख्या बदलायला लावली ती अशी.

अमेरिकेतही असेच एक घर होते. ऱ्होड आयलंडमधील श्रीमंत गृहस्थ जॉर्ज ब्रॅडली यांची एकुलती एक मुलगी एमा या साथीच्या कितीतरी आधी, वयाच्या सातव्या वर्षी मस्तिष्कशोथाने आजारी पडली आणि कायमची अपंग झाली. तिच्यासाठी योग्य उपचार कोठेच मिळेनात. तेव्हा ब्रॅडली यांनी आपली मालमत्ता अशा मुलांच्या रुग्णालयासाठी मृत्युपत्राने ठेवली. हे रुग्णालय १९३१ साली सुरू झाले. तेथील डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. वर्तनसमस्या असलेल्या ३० मुलांना त्यांनी बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिले होते. त्यांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांचे अभ्यासात लक्ष लागू लागले. मुलांनीच त्या गोळ्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ म्हटले! अतिचंचलतेवर आज दिल्या जाणाऱ्या काही औषधांचा इतिहास येथपर्यंत मागे जातो.

लेथार्जिकाचे कारण आजही निश्चित झालेले नाही. त्याच सुमारास आलेल्या इन्फ्लुएन्झाच्या महासाथीवर संशय होता, पण तो सिद्ध झाला नाही. जंतूशी लढणारी शरीराची प्रतिकारयंत्रणा कधी कधी मेंदूच्याच पेशींवर उलटते, हे मात्र आता ठाऊक आहे. २००७ साली वर्णन झालेल्या अशाच एका मस्तिष्कशोथात पहिली लक्षणे वेडाच्या झटक्यासारखी दिसतात, आणि वेळीच उपचार झाले तर बरेच रोगी सुधारतात.

साध्या संसर्गांचे काय? डेन्मार्कमध्ये १९९५ ते २०१२ या काळात जन्मलेल्या सुमारे ११ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. संसर्गामुळे रुग्णालयात राहावे लागलेल्या मुलांमध्ये पुढे मानसिक विकाराचे निदान होण्याचा धोका सुमारे ८४ टक्क्यांनी अधिक आढळला. हा आकडा नीट वाचायला हवा. एरवी १०० पैकी ४ मुलांना विकार होत असेल, तर ते प्रमाण ७ च्या आसपास जाते. म्हणजे ९० हून अधिक मुले ठीकच राहतात. शिवाय दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. घरची परिस्थिती, अनुवंश, औषधे यांचाही वाटा असू शकतो. प्रत्येक सर्दीतापाने पालकांनी धास्तावण्याचे कारण नाही.

शिक्षकांना मात्र या इतिहासातून घेण्यासारखे काही आहे. मूल मोठ्या आजारातून उठून शाळेत येते तेव्हा आपण बुडालेला अभ्यास विचारतो. त्याबरोबर दोन प्रश्न आणखी विचारावेत: झोप कशी लागते, आणि आजारापूर्वी हे मूल कसे होते? वागणे अचानक पालटले असेल तर ती गोष्ट पालकांच्या व डॉक्टरांच्या कानावर घालावी. डॉक्टरला आजारी मूल काही मिनिटे दिसते; आजाराआधीचे मूल शिक्षकाने वर्षभर पाहिलेले असते. छडी उगारण्यापूर्वी एवढे आठवले, तरी त्या साथीतल्या मुलांचे भोग अगदीच वाया गेले नाहीत असे म्हणता येईल.