उन्हाळ्यात ताटात काय असावं? नागपूर जिल्ह्यातल्या भाज्या, फळं, रानमेवा आणि ते रांधायच्या, टिकवायच्या पद्धती

नागपूर जिल्हा : मे महिन्यात आपल्याकडे दुपारचं तापमान सरासरी ४२-४३ अंश असतं. नवतपा लागला की ते ४५ च्याही वर जातं. २५ मे च्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात येतो, तिथून नऊ दिवस हा नवतपा. या दिवसांत भूक मरते, पाणी जास्त लागतं आणि रांधलेलं अन्न दोन-तीन तासांत आंबतं. त्यात कांदा काढणं, हळद शिजवणं, टेंदूपत्ता तोडणं, लग्नकार्य हे सगळं याच काळात येतं. उन्हात राबणाऱ्या माणसानं काय खाल्लं आणि काय प्यालं, यावर त्याची तब्येत आणि मजुरी दोन्ही अवलंबून आहे.

आपल्या बाजारात या दिवसांत जे निघतं, ते याच हवेत खायचं असतं. ढेमसं, लौकी, काकडी, दोडका, टरबूज या सगळ्यांत पाणीच जास्त. काकडीत शंभरात ९५ भाग पाणी असतं, टरबुजात ९२ च्या आसपास. कैरी आणि चिंच आंबट, त्यामुळे तोंडाला चव येते. ही माहिती सगळ्या तालुक्यांतल्या वाचकांसाठी एकाच जागी देत आहोत. मोबाईलमध्ये जपून ठेवा.

कोणत्या महिन्यात काय येतं

मार्च : मृग बहाराचा संत्रा काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर भागातून या महिन्यात बाजारात असतो, एप्रिलपर्यंत पुरतो. झाडावरची चिंच पिकून काढली जाते. रामटेक, पारशिवनीकडच्या जंगलात मोहफुलं पडायला लागतात. भिवापुरी मिरची वाळून तयार असते. या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. वर्षाचं तिखट करायचा हाच हंगाम.

एप्रिल : ढेमसं, लौकी, काकडी, दोडका, कारलं, गवारशेंगा, बरबटी, भेंडी, कोहळं. उन्हाळी कांदा निघतो. नदीच्या रेतीतल्या वाड्यांमधलं टरबूज आणि डांगर येतं. लोणच्याच्या आधीची कोवळी कैरी याच महिन्यात.

मे : बेलफळ पिकतं. जंगलात टेंभरं आणि चार पिकते. चारीच्या बियांतून निघते ती चारोळी. कैरीत कोय धरते. ओलिताच्या वावरात घोळ आणि चवळाई आपोआप उगवते.

जून : गावरान आंबा. आधी बाजारात येणारा बैंगनफल्ली आंध्र-तेलंगणाकडून येतो. आपल्या झाडाचा आंबा त्याच्या नंतरच खरा पिकतो.

भाज्या : निवडायच्या कशा, करायच्या कशा

ढेमसं ही आपल्या विदर्भाची उन्हाळ्यातली खास भाजी. लहान, कडक आणि वरून बारीक लव असलेलं ढेमसं घ्यावं. मोठं, पिवळट पडलेलं असलं की आत बिया टणक होतात. चणाडाळ एक तास भिजत घालायची. पाव किलो ढेमशांना मूठभर डाळ पुरते. तेलात मोहरी-जिरं, लसूण, कांदा परतून हळद, तिखट, मीठ टाकायचं. मग डाळ आणि फोडी घालून झाकण ठेवायचं आणि झाकणावर पाणी. ढेमशालाच पाणी सुटतं, वरून घालायची गरज नाही. शेवटी सांबार पेरायचा.

लौकी स्वस्त असते म्हणून घरात तिला कोणी मोजत नाही. पण पचायला हलकी, आजारी माणसाला आणि म्हाताऱ्याला चालणारी. मूगडाळ घालून पातळ केली की भाताबरोबर खाता येते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. कडू लौकी कधीच खाऊ नका, तिचा रस तर मुळीच नाही. चिरल्यावर आधी एक चिमूटभर तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला की थुंकून टाका, चूळ भरा आणि सगळी फेकून द्या, ढोरापुढेही टाकू नका. काकडी आणि दोडक्याचंही तेच. वेलीला पाण्याचा ताण बसला, ऊन जास्त झालं की यात कडवटपणा उतरतो. तो विषारी असतो. उकळूनही जात नाही, साखर घालूनही जात नाही. कडू लौकीचा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावलेली आहेत. कारलं मात्र मुळातच कडू, त्याची भीती नाही.

घोळ कांद्याच्या वाफ्यात निंदताना निघते आणि बांधावर फेकली जाते. जाड पानांची, किंचित आंबट अशी ही भाजी तीन पाण्यांनी धुऊन मूगडाळीत शिजवावी, वरून लसणाची फोडणी. पण ज्या वावरात तणनाशक मारलं असेल तिथली घेऊ नये. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यानं ही भाजी कमी खावी.

बरबटी आणि गवार यांना पाणी कमी आणि ताकद जास्त. कामावर डब्यात न्यायला या कोरड्या भाज्या बऱ्या. पातळ भाजी डब्यात लवकर आंबते.

कांदा उन्हाळ्यात रोज कच्चा खावा. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असं बरेच जण मानतात. खिशातल्या कांद्यानं काही होत नाही. त्याच्या भरवशावर दुपारी बिनपाण्याचं हिंडू नये.

कैरीचे तीन प्रकार

पन्हं : दोन मोठ्या कैऱ्या निखाऱ्यात भाजा किंवा उकडा. गर काढून घ्या. गर जितका, त्याच्या दीडपट गूळ. मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि आवडत असेल तर विलायची. हा घट्ट गर माठाजवळ झाकून ठेवला तर दिवसभर चालतो, फ्रीजमध्ये तीन-चार दिवस. प्यायच्या वेळी पाण्यात कालवायचा.

तक्कू : कैरी किसायची, तेवढाच कांदा किसायचा. गूळ, तिखट, मीठ आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी. भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

मेथांबा : कैरीच्या फोडी, मेथीदाणे आणि गूळ. फोडणीत मेथी तांबूस झाली की फोडी टाकून नरम होऊ द्यायच्या, मग गूळ आणि तिखट. गुळामुळे आठ दिवस सहज टिकतो. चमचा कोरडा वापरायचा.

प्यायचं काय

आंबील : दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ रात्री एक वाटी ताकात कालवून ठेवा. सकाळी त्यात तीन वाट्या पाणी आणि मीठ घालून ढवळत ढवळत शिजवा. गार झाल्यावर वरून पुन्हा ताक आणि ठेचलेला लसूण. सकाळी वावरात जाताना एक गडवा आंबील पोटात असली की अकरापर्यंत दम टिकतो.

चिंचवणी : चिंच भिजवून कोळ काढायचा, त्यात गूळ, मीठ, जिरं. अक्षयतृतीयेला म्हणजे आखजीला पितरांच्या पानावर ही लागतेच. सोबत नवी घागर, कुरडया, शेवया आणि आमरस. कित्येक घरांत आखजीच्या आधी पिका आंबा तोंडात घालत नाहीत.

अंबाडीचं शरबत : हिवाळ्यात लाल अंबाडीची बोंडं वाळवून ठेवली असतील तर मूठभर बोंडं तासभर भिजत घाला, गाळून गूळ किंवा साखर घाला. रंग लालभडक येतो, त्यासाठी दुसरं काही टाकावं लागत नाही.

बेलाचं शरबत : पिकलेल्या बेलाचा गर पाण्यात कुस्करून गाळायचा, बिया आणि धागे काढायचे. थोडा गूळ.

शुगर असणाऱ्यांनी गूळ-साखरेची शरबतं मोजून घ्यावी, त्यांना मठ्ठा बरा. बीपी असणाऱ्यांनी मीठ कमी.

जलसंजीवनी घरी : जुलाब-ओकारी झाली किंवा उन्हानं गळल्यासारखं झालं तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. यापेक्षा मीठ जास्त टाकू नका. लेकराला घोट घोट पाजा. आरोग्य केंद्रात पाकीट मिळत असेल तर तेच वापरा.

रानमेवा

मोहफूल म्हटलं की दारूच डोळ्यापुढे येते. पण जंगलालगतच्या गावांत ती खायची वस्तू आहे. पहाटे पडलेली फुलं वेचून, आतले केसर काढून, धुऊन वाळवतात. वाळली की मनुक्यासारखी दिसतात. भाजून तीळ किंवा फल्लीदाण्यासोबत कुटली की लाडू होतात, पिठात घालून गोड भाकरही होते. टेंभरं पूर्ण पिवळी आणि नरम झाल्यावरच खावी, कच्ची तोंड तुरट करून टाकतात.

मोह वेचणाऱ्यांनी अंधार असताना एकट्यानं जंगलात जाऊ नये. खाली वाकून बसलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. चार-पाच जण मिळून, उजेड पडल्यावर, बोलत बोलत जावं.

अन्न टिकवायचं कसं

घरात चाळीस अंश असताना शिजवलेला भात, वरण, भाजी तासाभराच्या वर उघडी ठेवू नये. सकाळचं रात्री खायचं असेल तर फ्रीज पाहिजे. तो नसेल तर लागेल तेवढंच रांधावं. उरलेलं परत गरम केलं तरी आधी तयार झालेलं विष नेहमी मरत नाही. वास आला, तार सुटली की ताट पुढे करू नये. लग्नाच्या पंगतीत पाहुणे उशिरा येतात आणि अन्न मांडवात तासन्‌तास असतं. भाताचा दुसरा घाणा उशिरा लावला तर हा धोका बराच कमी होतो. खव्याची मिठाई दुपारच्या पंगतीला टाळलेली बरी.

कच्च्या भाजीला फ्रीज नसला तरी चालतं. मोठ्या माठात ओली रेती भरा, त्यात दुसरा लहान माठ बसवा, भाजी आतल्या माठात ठेवून ओलं फडकं झाका. रेतीवर दिवसातून दोनदा पाणी शिंपडा, माठ सावलीत आणि वाऱ्यात ठेवा. आपली मे महिन्याची हवा कोरडी असते, पाणी भराभर उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. वांगी, टमाटर, भेंडी यात दोन-तीन दिवस ताजी राहते. पावसाळी हवा आली की हा उपाय चालत नाही.

भाव पडला की भाजी वाळवा. गवार, कारलं, वांग्याच्या फोडी मीठ लावून कडक उन्हात तीन-चार दिवसांत वाळतात. मूगवड्या, सांडगे, कुरडया, ज्वारीचे धापोडे यांचाही हाच काळ. वाळवण पूर्ण कडक वाजलं पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. श्रावणात भाजी महागते तेव्हा हाच डबा कामी येतो.

बाजारात घेताना

कळमना आणि कॉटन मार्केटला जाणारा माल पहाटे तुटतो. आठवडी बाजारात शेतकऱ्याच्या पालावर मिळणारी भाजी बहुतेक वेळा त्याच सकाळची किंवा आदल्या सांजेची असते. शक्यतो तिथून घ्या. भाजी ताजी मिळते आणि पैसाही गावात राहतो. आम्ही स्वतः लौकी पिकवतो, म्हणून सांगतो : आवक वाढली की तोडणीची मजुरीही निघत नाही आणि वेल तसाच सोडावा लागतो. गावातल्या गावात पाच-दहा किलो विकली गेली तरी हातभार लागतो.

आंबा वरून एकसारखा पिवळा पण आत कडक आणि आंबट निघाला तर तो कार्बाइडवर पिकवलेला असू शकतो. कार्बाइड वापरायला कायद्यानं बंदी आहे. घरी तणसात आढी घातलेला आंबा सर्वांत चांगला. खायच्या आधी तासभर पाण्यात ठेवावा.

टरबूज कापून ठेवलेलं घेऊ नका, अख्खं घ्या. रस्त्यावरच्या शरबतात कोणता बर्फ आहे ते विचारा. मासळी, दूध थंड ठेवायचा बर्फ पोटात घालायचा नसतो.

पाणी आणि वेळ

मे महिन्यात विहिरी तळाला जातात, तेव्हाच कावीळ आणि गॅस्ट्रो वाढतो. पिण्याचं पाणी उकळून घ्या किंवा आशाताईंकडून क्लोरीनचं औषध मागा. वावरात असाल तर तहान लागायची वाट पाहू नका, वीस मिनिटांनी एक पेला पाणी घ्या. काम सकाळी अकराच्या आत आणि सांजेला चारच्या नंतर. जड जेवण, जास्त तेलाचा रस्सा आणि दारू दुपारी टाळा.

अंग तापलं, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध पडला तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी पन्हं, पाणी काहीही तोंडात ओतू नका, ते श्वासनळीत जातं. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला, काखेत आणि मानेवर ओली फडकी ठेवा आणि लगेच १०८ ला फोन लावा. गाडी येईपर्यंत पाणी टाकणं थांबवू नका.